आधी नेवासे, मग ऑलिंपस

जगातल्या पुराणकथा, लोककथा आणि प्राचीन धर्म यांविषयी काय वाचावे, असे कुणी विचारले की आपल्याकडे एक ठरीव उत्तर मिळते. सुरुवात ग्रीकांपासून करा, त्यासाठी एडिथ हॅमिल्टन यांचे 1942चे पुस्तक घ्या. मग नॉर्स देवांकडे वळा, मग मेसोपोटेमियाचा गिल्गमेश, मग इजिप्त. आणि हे सगळे एका सूत्रात ओवायला जोसेफ कॅम्पबेल वाचा. ही यादी उतरवून घेणाऱ्या नगरच्या विद्यार्थ्याला तीत नेवासे दिसत नाही, कळसूबाई दिसत नाही, मढीचे कानिफनाथ दिसत नाहीत. ती नावे जत्रेची आणि नवसाची, अभ्यासाची नव्हेत, हे कुणी बोलून न दाखवता ठरून गेलेले असते. हे ठरणेच मला मान्य नाही. जगाच्या पुराणकथा खऱ्या अर्थाने कळायच्या असतील तर वाचन अजून पुजल्या जाणाऱ्या, आपल्या चालण्याच्या टापूतल्या दैवतापासून सुरू व्हायला हवे. अहिल्यानगर जिल्हा त्यासाठी फार सोयीचा आहे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे, कारण तो अगदीच पोकळ नाही. त्याचे म्हणणे असे: ग्रीक कथा लिखित आहेत, सुसंगत आहेत, त्यांची वंशावळ लागते, आपल्या गावदेवांच्या गोष्टी मात्र दर कोसाला बदलतात, मग नवख्याने त्यात शिरायचे कसे? शिवाय या गोष्टी म्हणजे पुराणातल्या मोठ्या देवांचीच खेड्यात उतरलेली, बिघडलेली रूपे. मूळ सोडून नक्कल कशाला वाचावी? आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की ज्या देवापुढे आई हात जोडते त्याच्याकडे अभ्यासकाच्या नजरेने बघता येत नाही. झ्यूसची चिकित्सा करताना कुणाचे मन दुखावत नाही, खंडोबाची करताना दुखावते.

पहिल्या मुद्द्याचे उत्तर ग्रीकांकडूनच मिळते. ग्रीक पुराणांची जी सुबक वंशावळ आपण वाचतो ती संकलकांनी लावलेली आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसानियस नावाचा लेखक ग्रीस पालथा घालत गावोगावच्या देवळांची आणि कथांची नोंद करत होता. झ्यूस आमच्याकडेच जन्मला असे सांगणारी गावे इतकी आहेत की मोजणे अशक्य, असे त्याने लिहून ठेवले आहे. क्रीट बेट एक सांगते, आर्केडियातला लायकायॉन डोंगर दुसरेच सांगतो, मेसेनियातली इथोमे तिसरे. फिगालियाच्या गुहेत धान्यदेवी डिमीटरची काळ्या वस्त्रातली, घोड्याच्या तोंडाची मूर्ती होती, हेही तोच नोंदवतो. शाळेच्या पुस्तकातली डिमीटर अशी कधी दिसत नाही. म्हणजे ग्रीसमध्येही गोष्ट दर कोसाला बदलतच होती. ती बदलणारी गावे संपली, गोळा केलेली पुस्तके उरली, आणि त्या उरलेल्या पुस्तकांना आपण सुसंगती म्हणतो.

नॉर्स कथांची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. ओडिन आणि थोर यांच्या कथा मुख्यतः ज्या ग्रंथामुळे आपल्याला ठाऊक आहेत तो ‘एड्डा’ आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसन याने 1220च्या सुमारास लिहिला. तोवर आइसलंडने ख्रिस्ती धर्म स्वीकारून दोन शतके उलटली होती. स्नोरी स्वतः ख्रिस्ती होता, आणि ज्या देवांविषयी तो लिहीत होता त्यांची पूजा त्याने डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. त्याच तेराव्या शतकात, 1278च्या सुमारास, गोदाकाठच्या सराळ्याच्या म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांना ज्यांनी पाहिले, ऐकले, ज्यांनी त्यांच्याबरोबर वाट तुडवली, अशांना गाठून, कोणती लीळा कुठे घडली हे विचारून त्यांनी आठवणी जमवल्या. चक्रधर बराच काळ राहिले ते डोमेग्राम म्हणजे आजचे श्रीरामपूर तालुक्यातले कमालपूर. ग्रंथाची मूळ प्रत धाडीत गेली आणि पुढे ती स्मरणातून पुन्हा उभी केली गेली, म्हणून पाठभेद पुष्कळ आहेत. तरीही गावोगावची देवळे, भिक्षा, व्रते, भुताखेतांच्या समजुती, स्त्रियांचा धर्म हे सगळे त्या ग्रंथात त्या काळच्या माणसांच्या तोंडून येते. गुरांच्या झटापटीत मारल्या गेलेल्या विठ्ठल नावाच्या वीराची आणि त्याच्या स्मारकाची गोष्टही त्यात आहे. वीर मरतो, दगड उभा राहतो, दगडाचा देव होतो. देव म्हणजे मुळात थोर माणसेच, असे ग्रीसमध्ये युहेमेरस इसवी सनापूर्वी 300च्या सुमारास मांडत होता. त्याचे म्हणणे तपासायला लीळाचरित्रातल्या या लीळेसारखा मजकूर दुसरा शोधावा लागेल. स्नोरी अवश्य वाचावा. पण तो वाचणाऱ्या मराठी माणसाने म्हाइंभट वाचलेले नसावेत, हे मला खटकते.

आता नक्कल आणि मूळ. इथे नेवाशाला थोडे थांबले पाहिजे, कारण हा आक्षेप तिथे जसा निकालात निघतो तसा पुस्तकात निघत नाही.

ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासे प्रवरेच्या काठी आहे. तिथले ग्रामदैवत मोहिनीराज. विष्णूने मोहिनीचे रूप घेऊन अमृत वाटले ते इथेच, अशी गावाची धारणा. पंगतीत चोरून बसलेल्या राहूचे मस्तक उडाले ते राहुरीला पडले, धड गोदावरीपलीकडच्या कायगावला. आणि प्रवरेला तर सगळा मुलूख अमृतवाहिनीच म्हणतो. म्हणजे महाभारत-भागवतातले समुद्रमंथन इथल्या लोकांनी अकोले तालुक्यातल्या डोंगरांपासून प्रवरासंगमापर्यंत एका नदीखोऱ्यावर अंथरले आहे. याला नक्कल म्हणणे सोपे आहे. पण ग्रीक लेखक प्लूटार्कने सांगितलेली इजिप्तच्या ओसिरिस देवाची कथा आठवा: त्याच्या देहाचे चौदा तुकडे इजिप्तभर विखुरले गेले, त्याची पत्नी इसिस हिने ते शोधून जागोजागी पुरले, म्हणून ओसिरिसच्या समाध्या अनेक. सतीच्या देहाची आपली शक्तिपीठेही त्याच जातीची. देवाचा किंवा दैत्याचा देह जमिनीवर वाटून टाकून माणसे वेगवेगळी गावे एका प्रदेशात बांधतात. महाराष्ट्रात हे कसे घडते, यावर अ‍ॅन फेल्डहाऊस यांनी ‘कनेक्टेड प्लेसेस’ हे सबंध पुस्तक 2003 साली लिहिले. राहुरी ते कायगाव एसटीने जाता येते. हा पट्टा पाहून मग प्लूटार्क वाचणाऱ्याला ओसिरिसची कथा केवळ चमत्कारिक वाटणार नाही, ती इजिप्तच्या नकाशासारखी वाचता येईल.

याच नेवाशाची मुलगी म्हाळसा. खंडोबाच्या गाण्यांत ती नेवाशाच्या तिमशेट वाण्याची लेक आहे आणि पौष पौर्णिमेला पालीला तिचे खंडोबाशी लग्न लागते. तिकडे गोव्यात मार्दोळची म्हाळसा विष्णूच्या मोहिनीरूपात पुजली जाते, देवी असून तिच्या अंगावर जानवे असते, आणि ती मूळ नेवाशाची असे तिचे भक्त सांगतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात तिला वेर्ण्याहून मार्दोळला हलवावे लागले. शंकराच्या अवताराची वाणीण बायको आणि विष्णूचे स्त्रीरूप, ही दोन्ही एकाच गावाशी जोडलेली. यात मूळ कोणते आणि बिघाड कोणता? मोहिनी आधी आणि म्हाळसा तिची खेडवळ छाया, असे पोथीनिष्ठ म्हणतील. म्हाळसा आधी आणि मोहिनी तिच्यावर मागून चढवलेला पौराणिक साज, असेही ठासून मांडता येईल. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. वाण्याची मुलगी, धनगर-कुणब्यांचा देव, ब्राह्मणांची मोहिनी असे वेगवेगळे समाज एका दैवतात आपापली माणसे पाहतात आणि कुणीही दुसऱ्याला पुसून टाकत नाही, हीच त्या दैवताची खरी घडण आहे. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलावरच्या ग्रंथाला ‘एक महासमन्वय’ हे उपशीर्षक दिले ते याच जाणिवेतून. त्यांचा खंडोबावरचा ग्रंथ आणि ग्युंटर सोन्थायमर यांचे बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांवरचे संशोधन शेजारी ठेवून वाचले की देव वरून खाली झिरपतात ही कल्पना टिकत नाही. जर्मनीहून आलेल्या सोन्थायमरांनी धनगरांबरोबर राहून त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. धनगर समाजात जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचे चौंडी याच जिल्ह्यातले. जिल्ह्याला आता त्यांचेच नाव आहे. ज्या समाजात त्या जन्मल्या त्याचे दैवत समजून घ्यायला आपल्या यादीत एक ओळही नसावी, हे योग्य नाही.

कॅम्पबेलविषयी मला अधिक कठोर बोलावे लागेल. 1949च्या ‘द हीरो विथ अ थाउजंड फेसेस’मध्ये त्याने सगळ्या जगातल्या वीरकथांना एकच साचा लावला: वीर घर सोडतो, संकटे पार करतो, काहीतरी मिळवून परत येतो. नवखा वाचक या साच्याने भारावतो आणि मग कुठलीही कथा हाती आली की तिच्यात साचा शोधायला लागतो. आता कळसूबाईची कथा घ्या. महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर, 1646 मीटर, तिच्या नावाचे आहे. कळसू ही रानात हिंडायची आवड असलेली कोळ्याची पोर. डोंगराच्या पायथ्याच्या गावी ती एका घरी कामाला राहिली, पण अट घालून: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. सगळे सुरळीत चालले होते. एके दिवशी पाहुणे आले, आणि घरातल्या कुणीतरी तिला नेमकी तीच कामे सांगितली. तिने ती मुकाट्याने केली, आणि तशीच डोंगर चढून गेली, ती परत उतरली नाही. जिथे तिने भांडी घासली आणि जिथे केर काढला त्या जागाही डोंगरावर दाखवल्या जातात.

यात परत येणे नाही, लाभ नाही, युद्ध नाही. कॅम्पबेलच्या साच्यात ही मुलगी बसत नाही. पण तुलना करायची तर फार चांगली करता येते. अट मोडताच निघून जाणारी स्त्री शतपथ ब्राह्मणातल्या उर्वशीत आहे, शंतनूच्या गंगेत आहे, फ्रान्सच्या मेल्युसिनमध्ये आहे, जपानच्या क्रौंचपत्नीच्या कथेत आहे. त्या सगळ्यांची अट नवऱ्याला घातलेली: अमुक स्थितीत पाहू नकोस किंवा दिसू नकोस, अमुक विचारू नकोस. कळसूची अट मालकाला आहे आणि ती कामाविषयी आहे. महादेव कोळ्यांच्या या देवीने जगभर पसरलेल्या कथाबीजाचा रोख लग्नावरून चाकरीवर आणला. घरकामातले कोणते काम कमीपणाचे आणि ते कुणाच्या गळ्यात पडते, हा प्रश्न तिने देवाच्या गोष्टीत आणून ठेवला. साम्य पाहावे ते फरक दिसावा म्हणून. साचा लावून वाचणाऱ्याच्या हातून नेमका हा फरक निसटतो.

तिसरा आक्षेप श्रद्धेचा. तो मी हलका मानत नाही. पण त्यावर उत्तर दुरून वाचणे हे नाही, जोडीने वाचणे हे आहे. मढीच्या कानिफनाथांचा भक्त ‘नवनाथ भक्तिसार’ वाचतो. तो मालू कवीचा ग्रंथ 1819चा आहे. त्याच भक्ताने ढेरे यांचा नाथसंप्रदायाचा इतिहास उघडला तर कानिफा म्हणजेच कान्हपा हे अभ्यासकांचे मत त्याला भेटेल, आणि हा कान्हपा बंगालच्या चर्यापदांत आणि तिबेटच्या चौऱ्याऐंशी सिद्धांमध्येही आहे हे कळेल. यात कानिफनाथ लहान झाले का? भक्ताचे जग मोठे झाले. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये आणि दुर्गा भागवत यांनी लोकसाहित्यावरच्या लेखनात हेच केले: प्रेम ठेवले, प्रश्नही ठेवले. इतिहासकार कोसंबींच्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त प्रेम कमी आहे, पण गावकुसाबाहेरच्या आयांची ठाणी पायी हिंडून शोधण्याइतकी आस्था आहे.

कोणी म्हणेल, मग बाहेरचे वाचायलाच नको, सगळे आपल्याकडेच आहे. हे मत वरच्यापेक्षा जास्त घातक आहे आणि त्याचे उत्तर दायमाबादला आहे. श्रीरामपूर तालुक्यातल्या या प्रवराकाठच्या गावी 1974 साली जमिनीतून चार ब्राँझच्या वस्तू निघाल्या: गेंडा, हत्ती, रेडा, आणि बैल जुंपलेला, उभा सारथी असलेला रथ. त्यांचे एकूण वजन 60 किलोच्या वर. नेवाशाच्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ सांकलिया यांना घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या घटांत पुरलेली लहान मुले सापडली होती, ती दायमाबादच्याही आधी, 1954 ते 56च्या दरम्यान. या लोकांचा धर्म होता, हे उघड आहे. पण वाचता येईल असे एक अक्षरही त्यांनी मागे ठेवलेले नाही. त्या सारथ्याला पशुपती म्हणणे किंवा आणखी कुठले ओळखीचे नाव देणे म्हणजे आजचा देव चार हजार वर्षांमागे नेऊन बसवणे. मेसोपोटेमियाच्या मातीच्या पाट्या वाचलेला माणूस अशी घाई करत नाही. लिखित पुरावा असताना प्राचीन धर्माविषयी काय म्हणता येते आणि नसताना किती थोडे म्हणता येते, हे तिथे शिकायला मिळते. गिल्गमेश वाचायचा तो यासाठी.

म्हणून जिल्ह्यातल्या ग्रंथपालांना आणि महाविद्यालयांतल्या मराठी व इतिहासाच्या शिक्षकांना माझे सांगणे आहे: हॅमिल्टन काढून टाकू नका. तिच्या शेजारी लीळाचरित्र ठेवा, ढेरे ठेवा, सोन्थायमर ठेवा, नेवाशाच्या उत्खननाचा अहवाल ठेवा. आणि विद्यार्थ्याने काय वाचू असे विचारले की आधी त्याला विचारा, तुझ्या गावचा देव कोणता.