कंटेनरमधलं डेटा सेंटर

आमचं आयुष्य चिलर आणि पाइपांत गेलं, त्यामुळे डेटा सेंटर म्हटलं की माझी नजर आधी पाण्याच्या लाइनवर जाते. सन मायक्रोसिस्टिम्सने ऑक्टोबर 2006मध्ये ‘प्रोजेक्ट ब्लॅकबॉक्स’ जाहीर केला, तेव्हा पेपरवाले त्या काळ्या रंगावरच खूश! मला भावली ती आतली मांडणी. न्हावाशेव्याला रोज दिसतो तसला वीस फुटी कंटेनर. आत आठ रॅक, हवा एका रॅकमधून दुसऱ्यात गोल फिरणारी आणि मधे गार पाण्याच्या कॉइल. बाहेरून वीज, पाणी, नेटवर्क जोडलं की काम सुरू.

यामागे हिशेब होता. आमच्याकडे हॉल पुढच्या दहा वर्षांच्या अंदाजाने बांधत. निम्मा रिकामा, तरी थंडावा मात्र पूर्ण हॉलला. कंटेनर लागेल तसा वाढवता येतो.

गूगल तर आधीच कामाला लागलं होतं. 2009मध्ये त्यांनी गुपित फोडलं: 2005पासून चालू असलेल्या केंद्रात 45 कंटेनर, प्रत्येकात 1,160पर्यंत सर्व्हर. प्रत्येक सर्व्हरला स्वतःची 12 व्होल्टची बॅटरी, म्हणजे मोठ्या यूपीएसला रजा. हे खरं डोकं!

पण त्या अरुंद बोळात दुरुस्ती करणाऱ्याचे हाल कुत्रा खाईना. पुढे गूगलनेही कंटेनर सोडले. टिकली ती कारखान्यात जोडून, तपासून आणण्याची पद्धत. आता पॅनेल, यूपीएस, पंप एकाच सांगाड्यावर बसवून ट्रेलरने साइटवर येतात.