कांचेच्या पोटांतील चित्रें



तपकिरीची डबी आपणांस अपरिचित नाहीं. चीन देशांत मात्र तपकीर डबींत न ठेवतां लहानशा कुपींत ठेवीत. युरोपियन लोकांबरोबर तपकीर तेथें गेली आणि मंचू घराण्याच्या राजवटींत (१६४४–१९१२) ती आधीं दरबाराची व मागाहून बड्या लोकांची आवड झाली. दमट हवेनें ती बिघडूं नये म्हणून घट्ट बुचाची ही कुपी. बुचालाच आंतून एक इवलासा चमचा जोडलेला असे. पुढें ह्या कुप्यांच्या आंतल्या भिंतींवर चित्रें काढण्याची कला निघाली. आज अशा कुप्या पुष्कळांच्या संग्रहीं असतात. त्यांचा काळ कसा ठरवावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम कृति पाहूं. कुपीचें तोंड इतकें अरुंद कीं, त्यांत करंगळीहि जाणार नाहीं. चित्रकार टोंकाशीं वांकविलेली बांबूची बारीक लेखणी त्यांतून आंत घालतो. गुळगुळीत कांचेवर शाई धरत नाहीं, म्हणून आंतला पृष्ठभाग आधीं घासून खरखरीत करावा लागतो. शिवाय सारें काम उलट्या क्रमानें चालतें. साध्या चित्रांत जी रेषा शेवटीं यावयाची, ती येथें पहिल्यानें काढावी लागते. कारण पाहणारा बाहेरून पाहतो. अक्षरेंहि उलटींच लिहावीं लागतात.

आतां काळाकडे वळूं. गान श्वान-वेन ह्या चित्रकाराच्या कुप्या अत्यंत जुन्या गणल्या जातात आणि त्या एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील आहेत. तेव्हां एखाद्या कुपीच्या तळाशीं छ्येन-लुंग बादशहाची (१७३६–१७९५) मुद्रा असली, तरी आंतलें चित्र त्या काळचें ठरत नाहीं. फार तर कुपी जुनी असेल. चित्र मागाहून काढलेलें असूं शकतें. मुद्राहि खरीच असेल असें नाहीं.

पुष्कळ चित्रांवर चित्रकाराचें नांव व वर्ष लिहिलेलें असतें. परंतु येथेंच खरी अडचण आहे. चिनी लोक वर्षांस अंकांनीं न मोजतां दहा चिन्हें आणि बारा चिन्हें ह्यांच्या जोड्यांनीं मोजीत. ह्या दोन माळा बरोबर फिरूं लागल्या म्हणजे तीच जोडी पुन्हां साठ वर्षांनीं येते. आपल्या प्रभव-विभवादि साठ संवत्सरांसारखाच हा प्रकार. शक न देतां नुसतें संवत्सर सांगितलें, तर पंचांगकर्त्यासहि नेमकें वर्ष सांगतां येणार नाहीं. ‘चिआ-वू’ हें वर्ष १८३४, १८९४ किंवा १९५४ ह्यांपैकीं कोणतेंहि असूं शकेल.

मग निवाडा कसा करावा? नांव आणि वर्ष ह्यांना समोरासमोर उभें करावें. चौ लो-युआन ह्या थोर निसर्गचित्रकाराचीं वर्ष घातलेलीं कामें सुमारें १८८२ ते १८९३ ह्या काळांतलीं आहेत. त्याच्या सहीखालीं ‘कंग-त्झू’ असें वर्ष आढळलें, तर तें १८४०, १९०० किंवा १९६० होईल. तिन्ही वर्षें त्याच्या कारकीर्दीबाहेरचीं, म्हणून त्या सहीवर विश्वास ठेवतां येत नाहीं. मा शाओ-श्वान हा त्याच्या मागून नांवारूपास आला. रेखीव अक्षर आणि छायाचित्रासारखीं व्यक्तिचित्रें हें त्याचें वैशिष्ट्य. प्रसिद्ध नट थान शिन-पै (१८४७–१९१७) ह्याचें चित्र त्यानें काढलें आहे. चित्रांतला मनुष्य कोण हें कळलें, तर काळाची एक मर्यादा आपोआप ठरते.

तथापि सहीला हाताचा पुरावा समजूं नये. ये चुंग-सान (मृत्यु १९४५) ह्याचे मुलगे बापाच्या हाताखालीं शिकले, आणि त्यांचें कामहि बापाच्याच नांवानें बाहेर पडत असे. नांव एक, हात अनेक! येथें रेषेचा जोर, रंगांची निवड आणि अक्षराचें वळण हींच बोलतात. कांचेला लागलेले तपकिरीचे डाग, चमच्यानें खरवडलेला रंग ह्या खुणाहि पाहाव्या. पण डाग मुद्दाम पाडतां येतात, हें विसरूं नये.

ही चिकित्सा केवळ पैशासाठीं करावयाची नाहीं. गुरूच्या चित्राची प्रत काढणें हा चीनमध्यें आदराचा मार्ग मानीत; तीच प्रत जुनी म्हणून विकली कीं आदराची फसवणूक होते. नुसत्या सहीला भुलून आपण नव्या माणसाचें काम जुन्याच्या पदरीं घातलें, तर जुन्याच्या कीर्तींत परकी रेघ शिरते आणि नव्याचे कष्ट कायमचे निनांवी राहतात. ह्या कलेची परंपरा कांहीं तुटलेली नाहीं. ये घराण्याकडून वांग शी-सान शिकला, त्यानें ती हपै प्रांतांतील हंगश्वे येथें रुजविली, आणि २००६ सालीं चीनच्या राष्ट्रीय वारशाच्या यादींत तिला स्थान मिळालें. आजच्या उत्तम कुपीला जुनेपणाचा मुखवटा चढविण्याची गरज नाहीं. ज्याचें काम त्याच्या नांवावर आणि ज्या वर्षाचें तें त्या वर्षावर जमा करणें, एवढेंच परीक्षकाचें कर्तव्य आहे.