मुक्त संगणकप्रणाली आणि मराठी अक्षर

ज्या भाषेंत दफ्तर चालतें त्या भाषेचा माणूस पुढें जातो आणि इतरांना दारांत तिष्ठावें लागतें, ही गोष्ट नांदेड-लातूरकडील लोकांना कोणी शिकवावयास नको. निजामी अमदानींत राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें, तेंहि उर्दू माध्यमाचें. मात्र त्या योजनेंतील एक दूरदृष्टि मान्य केली पाहिजे. विद्यापीठाच्या आधींच, १९१७ सालीं, एक भाषांतरखातें उघडण्यांत आलें. कारण शास्त्रें शिकवावयाचीं तर आधीं त्या भाषेंत ग्रंथ हवेत, हें चालकांनीं ओळखलें होतें. मराठीच्या वांट्यास असा राजाश्रय आला नाहीं. तिचा भार हिप्परग्यास १९२१ सालीं निघालेल्या राष्ट्रीय शाळेसारख्या, लोकांनींच चालविलेल्या संस्थांनीं उचलला. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची सत्ता संपली, आणि मग मराठीला कचेरीची वाट हळूहळू मोकळी झाली.

संगणक घराघरांत शिरला तेव्हां हाच प्रश्न नव्या वेषांत उभा राहिला. यंत्र बाजारांत मिळतें. परंतु त्याला चालविणारी जी मूळ आज्ञावली, जिला कार्यप्रणाली म्हणतात, ती कोणाच्या ताब्यांत आहे आणि तिला आपली लिपि येते कीं नाहीं, यावर पुढचें सारें अवलंबून असतें.

अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ग्नू या मुक्त प्रणालीची घोषणा केली. आज्ञावली वापरावी, तिचा अभ्यास करावा, ती सुधारावी आणि इतरांस वांटावी, अशा चार मोकळिकी प्रत्येकास असाव्यात, हें त्या चळवळीचें सूत्र ठरलें. १९९१ च्या ऑगस्टमध्यें फिनलंडमधील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्यानें आपल्या नव्या गाभ्याची वार्ता जगास दिली, तोच लिनक्स. या दोहोंच्या मिलाफांतून १९९३ ची डेबियन, २००४ ची उबुंटू अशा अनेक प्रणाली निर्माण झाल्या.

योगायोग असा, कीं १९९१ हेंच साल देवनागरीलाहि महत्त्वाचें ठरलें. त्या सालीं भारतीय लिप्यांसाठीं इस्की हें राष्ट्रीय संकेतमानक ठरलें व त्यांतच इन्स्क्रिप्ट कळफलकाचा समावेश झाला. आणि युनिकोड या जागतिक संकेताच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीसाठीं १२८ जागांचें दालन राखलें गेलें. याचें मोल कळण्यास तत्पूर्वींची स्थिति पाहिली पाहिजे. टंक विकणारा प्रत्येक जण अक्षरांची आपापली मांडणी करी. नांदेडच्या छापखान्यांत जुळविलेला मजकूर लातूरच्या यंत्रावर उघडावा, तेथें तो टंक नसावा, आणि मराठीऐवजीं रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसावी, असा तो कारभार होता. वस्तुतः यंत्राच्या लेखीं तो मजकूर मराठी नव्हताच. रोमन अक्षरांना वरून मराठी अंगरखा चढविलेला असे. युनिकोडनें प्रत्येक अक्षराला त्याचा स्वतःचा कायम क्रमांक दिला.

तरीहि मराठीचीं कामें उरलींच. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतील रकाराचा भेद यंत्रानें राखला नाहीं, तर विद्वानांचें निमंत्रण स्वयंपाक्यांकडे जावयाचें! 'ॲ' या अक्षराला तर युनिकोडमध्यें स्वतंत्र जागा २००८ सालीं मिळाली. मुक्त प्रणालींत असले दोष दूर करण्याची वाट सर्वांस खुली होती. व्यंकटेश हरिहरन व प्रकाश अडवाणी यांनीं २००० च्या सुमारास आरंभिलेल्या इंडलिनक्स या उपक्रमानें भारतीय भाषांचा प्रश्न हातीं घेतला. रेड हॅट कंपनीनें लोहित हे टंक सर्वांसाठीं मोकळे केले. सी-डॅक या सरकारी संस्थेनें २००७ सालीं बॉस ही डेबियनवर आधारलेली प्रणाली प्रसिद्ध केली. खिडक्या, याद्या, सूचना यांचे हजारों शब्द मराठींत आणणें हें कंटाळवाणें काम कांहीं स्वयंसेवकांनीं व कांहीं पगारी तंत्रज्ञांनीं केलें. उस्मानियाच्या भाषांतरखात्यामागें निजामाचा खजिना होता. या नव्या भाषांतरखात्याला दार नव्हतें आणि फर्मानहि नव्हतें.

या इतिहासांतूनच निवडीची कसोटी निघते. मुक्त प्रणालीच्या कोठारांत आज्ञावल्या हजारों आहेत, पण सर्व घेणें म्हणजे कांहींच न निवडणें होय. पहिली कसोटी लिपीची. प्रणाली बसवितांच आधीं मराठी कळफलक चालू करावा आणि जोडाक्षरें नीट उमटतात कीं नाहीं तें पाहावें. पाने जुळविण्याची स्क्रायबस ही आज्ञावली २००३ पासून नांवाजलेली. परंतु देवनागरी जोडाक्षरें नीट जुळविण्याची शक्ति तिच्या स्थिर आवृत्तींत २०२४ सालीं आली. तोंपर्यंत मराठी छापखान्याला तिचा कितीसा उपयोग!

दुसरी कसोटी टिकाऊपणाची. आजचें लेखन वीस वर्षांनीं उघडेल काय? सन कंपनीनें २००० सालीं खुल्या केलेल्या ओपनऑफिसमधून २०१० सालीं लिब्रेऑफिस निघालें. पत्रें, हिशेब, तक्ते यांना तें पुरतें, आणि त्याचा मूळ लेखनसांचा २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. एक कंपनी बुडाली तरी कागद बुडत नाहींत.

तिसरी कसोटी कामाची. घरच्या ध्वनि-चित्रफितींसाठीं पॅरिसच्या विद्यार्थ्यांनीं आरंभिलेलें व्हीएलसी पुरे आहे. छायाचित्रांच्या दुरुस्तीसाठीं गिंप आहे. वाचनालयाला न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठीं तयार झालेली कोहा उपयोगी पडते. जुन्या मराठी पुस्तकाच्या छायाचित्रावरून अक्षरें ओळखण्यास टेसरॅक्ट आहे. तिच्या वाचनांत चुका राहतात, म्हणून मुद्रितशोधकाला सुट्टी देऊं नये. शिकणाऱ्यांसाठीं मुंबईच्या आय. आय. टी.नें चालविलेल्या स्पोकन ट्यूटोरियल उपक्रमांत मराठी पाठ मिळतात.

अडचणी लपविण्यांत अर्थ नाहीं. जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्यें रूपांतरित करावा लागतो व पुन्हां तपासावा लागतो. ज्या व्यापाऱ्याच्या हिशेबाची आज्ञावली या प्रणालीसाठीं निघालेलीच नाहीं, त्यानें त्या कामापुरतें जुनें यंत्र ठेवणें शहाणपणाचें. छापयंत्र विकत घेण्याआधीं तें लिनक्सवर चालतें कीं नाहीं, याची चौकशी करावी.

परंतु निवडच न करण्यालाहि किंमत पडते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ची नेहमीची विनामूल्य सुरक्षा-दुरुस्ती थांबविली. पुष्कळ जुनीं यंत्रें पुढच्या आवृत्तीच्या अटींत बसत नाहींत. यंत्र धड, पण प्रणाली निराधार, अशी त्यांची अवस्था झाली. अशा यंत्रावर एखादी हलकी मुक्त प्रणाली बसविली, तर तें विद्यार्थ्याच्या अभ्यासाला आणि घराच्या लिहिण्यावाचण्याला आणखी कांहीं वर्षें उपयोगी पडतें.

मुक्त प्रणाली पैसे वांचविते हें खरें. पण तो तिचा धाकटा गुण. आपल्या अक्षरांत कांहीं उणें आढळलें तर तें भरून काढण्याचा अधिकार ती वापरणाऱ्याच्या हातीं देते, हा थोरला. ज्या प्रांतानें आपल्या भाषेसाठीं पिढ्यान्‌पिढ्या परक्या दफ्तराच्या दारांत वाट पाहिली, त्याला या अधिकाराची किंमत इतरांपेक्षां लवकर कळावी.