सेबूचा बाळ येशू : दोन कागद व एक पेटी

फिलिपाइन्स द्वीपसमूहांतील सेबू शहरीं, ऑगस्टिनियन पंथाच्या देवळांत, बाळ येशूची सुमारें एक फूट उंचीची लांकडी मूर्ति आहे. 'सांतो निन्यो' म्हणजे 'पवित्र बालक' या नांवानें ती प्रसिद्ध असून, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारीं तिचा मोठा उत्सव भरतो. भाविकांच्या श्रद्धेचा विचार येथें कर्तव्य नाहीं. मॅगेलननें इ. स. १५२१ मध्यें आणिलेली मूर्ति ती हीच काय, एवढाच प्रश्न आम्ही घेतों.

पहिला आधार पिगाफेट्टाच्या वृत्तांताचा. हा इटालियन गृहस्थ मॅगेलनच्या आरमारांत स्वतः होता. ता. १४ एप्रिल १५२१ रोजीं सेबूचा राजा हुमाबोन याचा बाप्तिस्मा झाला. त्याच दिवशीं राणीस मेरीची प्रतिमा, लांकडी बाळ येशू व क्रूस दाखविले. तिनें बाप्तिस्मा घेतला आणि आपल्या देवतांच्या जागीं ठेवण्यासाठीं तो बालक मागून घेतला, असें तो सांगतो. पुढें ता. २७ रोजीं माक्तान बेटावर मॅगेलन पडला. ता. १ मे रोजीं हुमाबोननेंच मेजवानीस बोलावून कित्येक स्पॅनिश लोकांस कापून काढिलें. उरलेले जहाजें घेऊन निघून गेले.

दुसरा आधार ४४ वर्षांनंतरचा. ता. २७ एप्रिल १५६५ रोजीं लेगास्पी सेबूस आला. झटापट झाली व गांव जळालें. त्यानंतर हुआन कामूस नांवाच्या इसमास एका लहानशा घरांत ही मूर्ति मिळाली. लेगास्पीनें ता. १६ मे रोजीं याबद्दल रीतसर पुरावा लिहून घेतला. मूर्ति देवदारी पेटींत होती. अंगांत फ्लँडर्सकडील तऱ्हेचें झबलें, डोक्यास मखमली टोपी, आणि हातांतील गोलावरचा क्रूस तेवढा नाहींसा झालेला.

मधल्या काळांत साव्हेद्रा व व्हिल्यालोबोस यांचीं जहाजें या द्वीपसमूहांत आलीं होतीं, तेव्हां मूर्ति त्यांचीही असूं शकेल, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु एका कागदांत ती सेबूस दिलेली व दुसऱ्यांत सेबूसच मिळालेली असतां, तिसरीकडून ती आली असें मानण्यास आधार हवा. दोन्ही मूर्ति एकच, हें अनुमान आम्हांस बळकट वाटतें. कोळ्याच्या जाळ्यांत वारंवार येणाऱ्या ओंडक्याची स्थानिक कथा उत्पत्तीचा पुरावा नव्हे. मात्र लोक ही मूर्ति परक्याची देणगी न मानतां आपलीच मानीत, हें तिजवरून दिसतें.

स्पॅनिश कागद 'मूर्ति सांपडली' एवढेंच म्हणतो. पण जें सांपडलें तें कोणी तरी ठेविलेलें होतें. देणारे वैरी होऊन गेले, बाप्तिस्मा देणारा पुरोहित राहिला नाहीं, तरी ४४ वर्षें कोणी तिला पेटींत जपलें, वस्त्रही शाबूत राखिलें. त्या माणसाचें नांव कोठेंही नाहीं. त्याची साक्ष ती पेटीच देते. म्हणून आमच्या संग्राहक मित्रांस विनंति कीं, जुना कागद हातीं आल्यास तो कोणत्या रुमालांत, कोणाच्या घरीं व कोणत्या स्थितींत मिळाला, हेंही नोंदीत अवश्य टिपावें.