‘बांधले’ या क्रियापदाचा कर्ता : पँथिऑनवरील लेख आणि कर्तृत्वाची संकल्पना

रोममधील पँथिऑनच्या दर्शनी पट्टीवर मोठ्या कांस्याक्षरांत एक लॅटिन लेख आहे. लूशियसचा पुत्र मार्कस ॲग्रिपा याने तिसऱ्यांदा कॉन्सल असताना हे बांधले, एवढाच त्याचा आशय. ॲग्रिपाचे तिसरे कॉन्सलपद इ.स.पू. २७ मधले. परंतु या लेखामागे आज उभी असलेली वास्तू ॲग्रिपाची नव्हे. त्याची वास्तू इ.स. ८० च्या आगीत सापडली, सम्राट डोमिशियनने ती दुरुस्त केली, इ.स. ११० मध्ये ती पुन्हा जळाली. आजची वास्तू त्यानंतरची असून हेड्रियनच्या कारकिर्दीत (इ.स. ११७ ते १३८) ती पुरी झाली. म्हणजे ‘बांधले’ या क्रियापदाचा व्याकरणातील कर्ता आणि वास्तूचा प्रत्यक्ष कर्ता यांच्यात सुमारे दीडशे वर्षांचे अंतर आहे. हे अंतर कसे वाचायचे, हा प्रश्न केवळ पुरातत्त्वज्ञांचा नाही. संहिता आणि कर्ता यांच्या संबंधाचा विचार करणाऱ्या साहित्याभ्यासकाचाही तो आहे.

या लेखाने कोणाकोणाची दिशाभूल केली, ते आधी पाहू. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात रोमचा इतिहास लिहिणारा डिओ कॅशियस हा स्वतः सिनेटर होता, कॉन्सलही झाला होता. पँथिऑन त्याच्या नित्य पाहण्यातले. तरीही ते तो ॲग्रिपाच्याच खात्यावर जमा करतो आणि त्याच्या नावाची उपपत्ती देताना म्हणतो की, आपल्या मते घुमटाकार छत आकाशासारखे दिसते म्हणून हे नाव पडले असावे. डिओच्या डोळ्यांसमोर होता तो घुमट हेड्रियनच्या काळातला. त्याने अर्थ लावला एका वास्तूचा आणि कर्ता मानला दुसऱ्याच वास्तूचा. हा समज पुढे दीर्घकाळ टिकला. १८९२ मध्ये फ्रेंच वास्तुविशारद जॉर्ज शेदान यांनी भिंतींतील विटा तपासल्या, तेव्हा त्यांवरील ठशांमुळे बांधकामाचा काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आला.

हे ठसे म्हणजे एक प्रकारची दुय्यम संहिताच होय. रोमन विटांवर ज्या जमिनीतली माती वापरली तिच्या मालकाचे वा मालकिणीचे नाव, वीटभट्टी चालवणाऱ्याचे नाव आणि काही वेळा त्या वर्षीच्या कॉन्सलांची नावे उमटवलेली असत. गिलाव्याखाली आणि संगमरवराच्या आवरणामागे दडलेली ही अक्षरे कोणी वाचावीत म्हणून उमटवलेली नव्हती. वाचण्यासाठी कोरलेल्या अक्षरांनी मात्र वाचकाला चकवले, आणि व्यवहाराच्या सोयीसाठी उमटवलेल्या अक्षरांनी काळ सांगितला.

मग दर्शनी लेख खोटा म्हणायचा काय? तसे म्हणणे म्हणजे आपली कर्तृत्वकल्पना रोमनांवर लादणे होईल. सार्वजनिक वास्तूवरील नाव ही तेथे कलावंताची स्वाक्षरी नव्हती. रोमन विधिसंग्रहातील नियमानुसार अशा वास्तूवर सम्राटाचे किंवा जिच्या पैशाने ती उभी राहिली त्या व्यक्तीचे नावच घालता येई. रचनाकाराला या व्यवस्थेत जागाच नाही. पँथिऑनच्या घुमटाचा आतील व्यास सुमारे ४३.३ मीटर, जमिनीपासून छिद्रापर्यंतची उंचीही तेवढीच. तळाशी काँक्रीटमध्ये जड दगड आणि वर जाता जाता अधिकाधिक हलके, अशी भर घालून लोखंडी सळयांवाचून हा घुमट तोललेला आहे. हे गणित ज्याने मांडले त्याचे नाव आपल्याला मिळत नाही. दमास्कसच्या अपोलोडोरसचे नाव सुचवले जाते. परंतु एकही प्राचीन ग्रंथ तसे सांगत नाही.

नाव घालणे ही राजकीय कृती होती, तसेच नाव न घालणे हीही. ऑगस्टसने आपल्या कार्यवृत्तात पॉम्पीचे नाट्यगृह दुरुस्त करूनही त्यावर स्वतःचे नाव घातले नाही, हे आवर्जून नोंदवले आहे. न लिहिलेल्या नावाची ही लिखित जाहिरातच. उलट डोमिशियनने जळालेल्या वास्तू पुन्हा उभारताना मूळ कर्त्यांचा उल्लेख पुसून केवळ आपले नाव घातले, असा ठपका सुएटोनियस ठेवतो. हेड्रियनविषयी ‘हिस्टोरिया ऑगस्टा’ सांगतो की, त्याने पँथिऑनसह अनेक वास्तूंचा जीर्णोद्धार केला आणि त्या सर्व मूळ कर्त्यांच्या नावे अर्पण केल्या. ॲग्रिपाचे नाव लिहून हेड्रियन डोमिशियनपासून दूर आणि ऑगस्टसच्या जवळ जातो. तेव्हा या लेखातील विनय हा वारशावरचा दावाही आहे.

मिशेल फूको यांनी १९६९ मध्ये मांडले की, ‘लेखक’ ही केवळ व्यक्ती नसते. संहितांचे वर्गीकरण आणि अभिसरण यांचे नियमन करणारे ते एक कार्य असते. पँथिऑनवरील ‘ॲग्रिपा’ हे अशा कार्याचे जवळजवळ शुद्ध उदाहरण होय. परंतु एवढ्यावर थांबले तर नावामागचा इतिहास हातचा जातो. विटांच्या ठशांचा पुनर्विचार करून लिसे हेटलंड यांनी २००७ मध्ये असे प्रतिपादन केले की, बांधकामाला प्रारंभ इ.स. ११० च्या आगीनंतर लवकरच, म्हणजे ट्रेजनच्या कारकिर्दीतच झाला. हे मान्य केले तर हेड्रियनचा त्याग निराळा दिसू लागतो. ॲग्रिपाचे नाव घालताना त्याने स्वतःचे नाव गाळले, तसेच आपल्या दत्तक पित्याचेही गाळले. स्वतःच्या मालकीचे सोडणे आणि दुसऱ्याचे सोडून देणे यांत फरक आहे. तो फरक कर्त्याला केवळ ‘कार्य’ मानणाऱ्या वाचनात दिसत नाही; त्यासाठी पुन्हा विटांकडेच जावे लागते.

यात आणखी एक गुंता आहे. हेड्रियनच्या नामत्यागाची माहिती देणारा ‘हिस्टोरिया ऑगस्टा’ स्वतःला सहा लेखकांची कृती म्हणवतो. १८८९ मध्ये हेर्मान डेसाऊ यांनी ती चौथ्या शतकाच्या अखेरीस एकाच लेखकाने रचली असल्याचे मांडले, आणि पुढील संशोधनात एकच लेखक हे मत व्यापकपणे स्वीकारले गेले. म्हणजे ज्या ग्रंथाच्या आधारे आपण दर्शनी लेखाचा उलगडा करतो, त्याचीच कर्तृनामे बनावट आहेत.

संहितेवरील नाव प्रमाण मानून स्वस्थ बसणे आणि ते निरर्थक मानून पुढे जाणे, हे दोन्ही मार्ग येथे अपुरे पडतात. नाव कोणत्या संकेतानुसार लिहिले गेले, त्याने कोणाला जवळ केले आणि कोणाला गाळले, हे विचारल्याशिवाय कर्तृत्वाची चर्चा पुरी होत नाही. आज पँथिऑनवर दिसणारी कांस्याक्षरेही मूळची नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती नव्याने बसवली गेली. ॲग्रिपाच्या नावाने हेड्रियनच्या काळात झालेल्या विधानाची ही नवी आवृत्ती. ती बसवणाऱ्यांचे नाव तिच्यात नाही.