शब्द, करार आणि कायदा : मॅनिटोबातील नॉयबर्गथाल या जर्मनभाषक खेड्याचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅनडाच्या प्रेअरी प्रदेशात, म्हणजेच विस्तीर्ण गवताळ मैदानात, युरोपातून आलेल्या अनेक शेतकरी समूहांनी वसाहती स्थापन केल्या. मॅनिटोबा प्रांतातील आल्टोना या गावाजवळचे नॉयबर्गथाल हे त्यांपैकी एक लहानसे खेडे. मेनोनाइट पंथीय जर्मनभाषक कुटुंबांनी ते १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात वसविले. शासनाने दिलेला शब्द आणि लोकांनी आपसात केलेला करार यांना कायद्याचे पाठबळ नसेल, तर ग्रामसमाजाचे काय होते, या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत निबंधात या खेड्याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
मेनोनाइट हा सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेतून उदयास आलेला शांततावादी ख्रिस्ती पंथ. त्याची एक शाखा प्रशियातील व्हिस्टुला नदीच्या त्रिभुज प्रदेशात स्थिरावली व तेथून १७८९ पासून दक्षिण रशियात गेली. तेथे १८३६ मध्ये बर्गथाल ही वसाहत स्थापन झाली. १८७० च्या दशकात रशियन शासनाने परकीय वसाहतकारांच्या सवलती काढून घेतल्या आणि १८७४ मध्ये सार्वत्रिक लष्करी सेवा लागू केली. शस्त्र न धरणाऱ्या या समाजापुढे स्थलांतराखेरीज मार्ग उरला नाही. १८७४ ते १८८० या काळात सुमारे ७,००० मेनोनाइट मॅनिटोबात आले. बर्गथाल वसाहत तर जवळजवळ संपूर्णच आली. नव्या खेड्याच्या नावात जुन्या वसाहतीची स्मृती आहे : नॉयबर्गथाल म्हणजे नवे बर्गथाल. ज्या भूमीवर ते वसले, ती मूलनिवासी जमातींशी १८७१ मध्ये झालेल्या पहिल्या क्रमांकाच्या तहाने शासनाच्या ताब्यात आली होती, हेही येथे नोंदविले पाहिजे.

खेड्याची रचना :
कॅनडाच्या १८७२ च्या जमीन कायद्यानुसार प्रेअरीची मोजणी चौरस मैलांच्या चौकटींत झाली. प्रत्येक अर्जदारास १६० एकर जमीन १० डॉलर शुल्कावर मिळे. मात्र त्याने त्याच जमिनीवर राहणे बंधनकारक होते. यातून विखुरलेली, एकाकी घरे निर्माण होत. मेनोनाइटांना असे राहणे मान्य नव्हते. १८७६ च्या दुरुस्तीने एकत्र वस्ती करणाऱ्यांसाठी निवासाची अट शिथिल करण्याची सोय झाली. जमीन कसण्याची अट मात्र कायम राहिली. त्यामुळे एकाच रस्त्याच्या दुतर्फा घरे, घराला लागूनच गोठा आणि गावाभोवती सामाईक शिवार अशी रचना शक्य झाली. आपल्याकडील शब्दांत सांगावयाचे तर कायद्याच्या चौकटीवर त्यांनी स्वतःचे गावठाण आणि शिवार उभे केले.

कराराचे बळ व मर्यादा :
जमिनीची नोंद प्रत्येकाच्या वैयक्तिक नावावर होती. गावकऱ्यांनी आपापल्या जमिनी एकत्र करून, सर्वांना बऱ्यावाईट मातीचा सारखा वाटा मिळावा म्हणून, शिवाराचे पट्टे पाडून वाटून घेतले. गावाने निवडलेला शुल्ट हा प्रमुख रस्ते, कुंपणे व चराऊ रानाची व्यवस्था पाही. अनाथांच्या मालमत्तेसाठी वाइझेनआम्ट ही संस्था होती; तिच्या नियमांनुसार मुलगा व मुलगी यांना वारशात समान वाटा मिळे. ही सारी व्यवस्था परस्परविश्वासावर चाले. परंतु एखाद्याने स्वतःच्या नावावरील जमीन वेगळी मागितली, तर कायदा त्याच्याच बाजूने उभा राही आणि इतरांचे पट्टे निरर्थक ठरत. मॅनिटोबाच्या पश्चिम राखीव क्षेत्रातील पन्नासहून अधिक मेनोनाइट गावांपैकी बहुतेक याच रीतीने मोडली.

शाळेचा प्रश्न :
शासनाच्या आश्वासनाचीही हीच गत झाली. २३ जुलै १८७३ च्या पत्राने मेनोनाइटांना लष्करी सेवेतून सूट आणि स्वतःच्या शाळा चालविण्याची मुभा देण्यात आली होती. तथापि, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने संमत केलेल्या आदेशात शिक्षणविषयक कलमात ‘कायद्याने विहित केल्याप्रमाणे’ असे शब्द आले. शिक्षण हा विषय १८६७ च्या घटनात्मक कायद्याने प्रांतांकडे सोपविला होता. मॅनिटोबाने १९१६ मध्ये द्विभाषिक शिक्षण रद्द करून इंग्रजी माध्यम सक्तीचे केले, तेव्हा ते पत्र न्यायालयात टिकले नाही. परिणामी १९२२ पासून मेक्सिकोकडे आणि १९२६ पासून पॅराग्वेकडे हजारो मेनोनाइटांनी पुन्हा स्थलांतर केले.

निष्कर्ष :
नॉयबर्गथालचा रस्ता, त्यावरील काही जुनी घरे व गोठे आजही टिकून आहेत. कॅनडा शासनाने १९८९ मध्ये या खेड्यास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. ज्या वस्तीपद्धतीला कायद्याने केवळ सवलत म्हणून वाव दिला, तीच पुढे राष्ट्राचा वारसा ठरली. विश्वासावर उभारलेला समाज दुर्बळ नसतो, हे या खेड्याच्या चिकाटीवरून दिसते. परंतु त्या विश्वासाची नोंद कायद्यात झाली नाही, तर एका व्यक्तीची मागणी किंवा आदेशातील चार शब्दही त्याला तडा देऊ शकतात. अल्पसंख्य समूहांना दिलेल्या आश्वासनांचा अभ्यास करताना आश्वासन कोणी दिले याबरोबरच ते देण्याचा अधिकार त्याला होता का, हेही अभ्यासकाने पडताळून पाहणे आवश्यक आहे.