केडगावची मोठ्या आवाजातली प्रार्थना

१८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या मुली नि विधवा सोबत घेऊन पुण्याला परतल्या. पुण्यात प्लेग होता, एवढ्या जणींना तिथं ठेवणं अवघड. मग दौंडच्या वाटेवर केडगावला रमाबाईंनी आधीच घेतलेली शेतजमीन कामी आली. तेच पुढे मुक्ती मिशन झालं. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

भूक म्हणजे काय, हे रमाबाईंना कुणी सांगायला नको होतं. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत भटकताना आई-वडील आणि बहीण उपासमारीनं गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, १८८२ मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी. पदरात तान्ही मनोरमा होती. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण मनाला शांती लगेच लाभली नाही. १९०७ च्या आत्मनिवेदनात त्या मोकळेपणानं सांगतात की धर्म मिळाला होता. पण ख्रिस्त भेटायला आणखी आठेक वर्षं गेली. दुःखातला आनंद आयता मिळत नाही, हे इतकं सरळ कबूल करणारी माणसं थोडी.

मग १९०५ उजाडलं. वेल्सच्या आणि खासी टेकड्यांमधल्या ख्रिस्ती जागृतीच्या बातम्या येत होत्या. वर्षारंभी मुक्ती मिशनमध्ये सत्तरेक जणी रोज प्रार्थनेला जमू लागल्या, जूनपर्यंत त्या पाचशेच्या वर गेल्या. जूनअखेर बांध फुटला. मुली पापांसाठी हुंदके देऊन रडल्या आणि पुढे त्याच हसू-गाऊ लागल्या. शेकडो जणी एकाच वेळी, आपापल्या शब्दांत, मोठ्यानं प्रार्थना करत. टाळ्या वाजत. हा गलका पाहुण्यांपैकी काहींना खटकला. रमाबाईंनी तो थांबवला नाही. पाश्चात्त्य शिस्तीच्या मापानं भारतीय भक्ती मोजू नये, इथल्या लोकांना आपल्या स्वभावानं देवापुढे येऊ द्यावं, असं त्यांचं ठाम मत होतं. ते मला आजही अगदी रास्त वाटतं. ज्यांनी घरची माणसं डोळ्यांदेखत गमावली, त्यांनी हळू आवाजात का गावं?

प्रार्थनेमुळे कामं मात्र थांबली नाहीत. शेत, माग, स्वयंपाक, छापखाना सगळं चालू होतं. हिब्रू-ग्रीकवरून रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेलं बायबल इथल्याच बायकांनी जुळवलं, छापलं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ऐकू कमी येणाऱ्या, थकलेल्या रमाबाई तरीही त्या कामाला चिकटून राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल छापून झालं १९२४ मध्ये.